जागतिक मधुमेह दिनाच्या बैठकीबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपल्या अभ्यासगटाची बैठक १४ नोव्हेंबर रोजी सायंकाळी ५ वाजता वाचनालयाच्या सभागृहात होईल. विषय आहे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे मधुमेहावरील संशोधन.

१९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसून आले की, आपली नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असली, तरी त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने टिकून असते. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना मांडली: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे दाखवणारा आकडा) २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. ‘मी तर बारीक आहे’ असे म्हणून तपासणी टाळणाऱ्या सभासदांनी हा भाग आवर्जून ऐकावा, ही कळकळीची विनंती.

• कमरेचा घेर मोजून यावे. साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉलच्या अलीकडच्या नोंदी असल्यास सोबत आणाव्यात. या नोंदी सभेत वाचल्या जाणार नाहीत.
• बैठकीसाठी कोणीही जेवणाची, औषधाची किंवा इन्सुलिनची वेळ चुकवू नये.