लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या त्या दादांना

दादा,

नमस्कार. २०२४ साली गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात डोंबिवलीहून एक बाई तुमच्या काउंटरवर आली होती. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर लिहिलेलं: नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, ३२ जीबी डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम). ती मी. दिवसाला पंचवीस-तीस गिऱ्हाइकं येतात तुमच्याकडे, त्यामुळे चेहरा आठवणार नाही. मला मात्र तुमचा पहिला प्रश्न शब्दशः आठवतो: "ताई, मशीनवर काम काय करता?"

मी अक्षरजुळणी करते. त्या वर्षी दोन दिवाळी अंकांची पानं माझ्याकडे होती. इनडिझाइन, फोटोशॉप आणि मजकूर पाठवणाऱ्यांच्या मेलसाठी ब्राउझर, हे तिन्ही एकदम उघडलं की मशीन गपगार व्हायचं. जाहिरातीचं पान झूम केलं की चित्र तुकड्यातुकड्यांत यायचं. ज्यांनी मशीन जोडून दिलं होतं त्यांनी सांगितलं, आता सगळंच बदला. अंकाचं मानधन यायचं होतं, त्याआधीच ते खर्च करायची तयारी करून मी आले होते.

तुम्ही चिठ्ठी बाजूला ठेवलीत आणि घरी फोन करून टास्क मॅनेजरचा, म्हणजे मेमरी किती वापरात आहे ते दाखवणाऱ्या खिडकीचा, फोटो मागवायला सांगितलंत. मुलीने पाठवला. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, रॅम ८ जीबी, तिचा वेग २६६६, रॅमच्या दोनपैकी एकच स्लॉट वापरात, आणि सगळ्यात खाली 'हार्डवेअर रिझर्व्हड'समोर २ जीबीच्या वर आकडा. त्या एका फोटोवरून तुम्ही माझी सगळी अडचण वाचलीत. या प्रोसेसरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तो चित्रासाठी रॅममधलीच जागा घेतो. कुणीतरी बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) २ जीबी कायमची बांधून ठेवली होती. उरलेल्या सहाएक जीबीत माझं काम, आणि 'कमिटेड'चा, म्हणजे चालू प्रोग्रामनी मागितलेल्या एकूण मेमरीचा, आकडा मात्र १३च्या पुढे. म्हणजे रॅममध्ये न मावणारं ओझं डिस्कवर सांडत होतं.

मग कागदाच्या पाठीवर तुम्ही मांडलेला हिशेब. २६६६ची एक स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, सेकंदाला साधारण २१.३ जीबी माहिती वाहते. तशीच दुसरी शेजारी बसली की दोन वाटा होतात, ४२.६. एका स्टिकवर वेग २६६६वरून ३२००ला नेला तर जेमतेम २५.६. "वेगामागे नका धावू, दुसरी वाट उघडा," असं म्हणालात. माझ्या बोर्डावर डीडीआर५ बसतच नाही, आधीच्या पिढीची डीडीआर४ लागते, पिना दोन्हींना २८८च असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, हेही दोन स्टिका समोर धरून दाखवलंत. लाइटवाली महाग रॅम मागे शोकेसमध्ये चमकत होती. तिचं नावसुद्धा काढलं नाहीत.

एक गोष्ट मी त्यानंतर कितीतरी जणांना सांगितली आहे. दोन ८ जीबीच्या स्टिका माझ्यासमोर ठेवून तुम्ही लेबलवरची बारीक अक्षरं दाखवलीत. स्वस्त होती तिच्यावर १आरएक्स१६, म्हणजे चारच मोठ्या चिप. दुसरीवर १आरएक्स८, आठ चिप. आकडा दोन्हींचा ८ जीबी, तरी चार चिपवाली कामात मागे पडते. ती अक्षरं बघून स्टिक निवडायची असते हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ३२००ची दिलीत आणि आधीच सांगून ठेवलंत की जुनीबरोबर ती २६६६वरच चालेल, पुढे कधी जुनी बदलली तर हिचा पूर्ण वेग मिळेल. एका स्टिकचं बिल. चिठ्ठीतलं बाकी सगळं तुम्ही विकलंच नाहीत.

त्या रात्री साडेदहाला तुम्हाला फोन केला होता. नवी स्टिक बसवल्यावर स्क्रीन काळी होती आणि माझा धीर सुटला होता. तुम्ही जेवत होतात, तरी लाइनवर थांबलात. प्लग काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, दोन्ही स्टिका बाहेर घ्या, सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, आणि दोन्ही टोकांना टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. नवीन स्टिकचं एक टोक केसाएवढं वर राहिलं होतं. नंतर मशीन स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू झालं तेव्हा मी घाबरले, तुम्ही म्हणालात, "नवी रॅम ओळखतंय, हात लावू नका." मग बायॉसमध्ये ग्राफिक्सची जागा ५१२ एमबी करायला लावलीत. लागेल तशी जागा ते नंतर स्वतः घेतं. आणि रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवल्याशिवाय अंकाची फाइल उघडू नका, खराब रॅम फाइल गुपचूप बिघडवते, ही ताकीद. सकाळी स्क्रीनवर चुका शून्य.

दोन्ही अंक वेळेवर छापायला गेले.

हे सगळं दीड वर्षाने लिहितेय त्याला कारण घडलं. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, चिप बनवणाऱ्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. अशात माझी मैत्रीण नवं मशीन घ्यायला निघाली होती, कर्ज काढून. मी तिला टास्क मॅनेजर उघडायला सांगितला. 'कमिटेड' ७ जीबी, रॅम १६. तिची रॅम पुरेशी होती, मंद होती ती जुनी हार्ड डिस्क. एक एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घातली, काम झालं. तिने माझे आभार मानले तेव्हा मला सारखे तुम्ही आठवत होतात, आणि तुमचे आभार मी नीट कधी मानलेच नाहीत हेही. त्या रात्री फक्त "चालू झालं" एवढं म्हणून फोन ठेवला होता.

मनापासून आभारी आहे, दादा. २०२४च्या दोन्ही अंकांची एकेक प्रत तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. शनिवारी तुमच्याकडे उभं राहायला जागा नसते, म्हणून येत्या मंगळवारी सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या येते.

तुमची,
डोंबिवलीची अक्षरजुळणीवाली ताई