बोटीच्या ट्रेलरला ब्रेक हवेतच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला उजनी धरणाच्या काठच्या बोटींवरचा लेख वाचला. पक्षी, पहाटेचं पाणी, मच्छीमारांचं जगणं हे सगळं चांगलं उतरलंय. पण खाली 'बोट नेताना' अशी जी चौकट आहे, तिच्यात लिहिलंय की जीप दमदार असेल तर ट्रेलरला वेगळे ब्रेक लागत नाहीत, आणि लावायचेच असतील तर विजेचे लावावेत, ते बसवायला सोपे. ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि पहिलं तर एखाद्याच्या जिवावर बेतेल. काल दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून आज लिहायला बसलो.

मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं मेकॅनिक होतो. त्यातली निम्मी नोकरी ब्रेकच्या कामावर गेली. गाडी ओढायला लागणारी ताकद इंजिनाची असते आणि थांबवायला लागणारी ब्रेकची. जीपचं इंजिन कितीही दमदार असलं तरी तिचे ब्रेक हे जीप आणि तिच्यात बसलेली माणसं एवढ्याच वजनासाठी बनवलेले असतात. मागे हजार किलो जोडले की ते हजार किलो थांबवायचे कुणी, याचं उत्तर तुमच्या चौकटीत कुठेच नाही. त्यात वेग ४० वरून ६० वर गेला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. उतार असेल तर आणखी भर.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. जानेवारी २०२२ ची गोष्ट. माझ्या पुतण्याने फायबरची बोट घेतली आणि तिच्यासाठी एका वर्कशॉपमधून ट्रेलर करून घेतला. ट्रेलर आणायला मीही गेलो होतो. वेल्डिंग चांगलं, रंग चकचकीत, पाटे दणकट. मी खाली वाकून चाकांच्या आतल्या बाजूला पाहिलं आणि विचारलं, "ब्रेक कुठायत?" कारागीर म्हणाला, "कशाला ओ काका, जीपला हायत की. आमी सगळ्यांना असलाच देतो." पुतण्याला घाई होती, पैसे देऊन झाले होते, आणि मी गप्प बसलो. ज्या माणसाने आयुष्यभर ब्रेक तपासल्याशिवाय गाडी डेपोच्या फाटकाबाहेर सोडली नाही, तो त्या दिवशी गप्प बसला. त्याचा मला आजही त्रास होतो.

आठच दिवसांनी पहाटे आम्ही सोलापुरातून उजनी धरणाजवळच्या भीमानगरकडे निघालो. पुतण्या चालवत होता, मी शेजारी, मागच्या सीटवर त्याचा सात वर्षांचा मुलगा झोपलेला. मोडनिंब मागे टाकून टेंभुर्णीच्या दिशेने जाताना एका उतारावर अंधारातून एकदम उसाची मोळी दिसली. म्हणजे ट्रॅक्टर दिसलाच नाही, दिवा दिसला नाही, दिसला तो थेट ऊस. पुतण्याने जोरात ब्रेक मारला. जीपचं नाक खाली बसलं आणि त्याच क्षणी मागून हिचमधून, म्हणजे ट्रेलर जीपला जोडतात तिथून, धाडकन धक्का बसला, कुणीतरी ढकलून द्यावं तसा. जीपचा मागचा भाग हलका होऊन आडवा सरकायला लागला. मी माझ्या बाजूच्या आरशात पाहिलं. आरशात रस्ता दिसायला हवा होता, तिथे बोटीचं नाक दिसत होतं. ट्रेलर आमच्या शेजारी यायला लागला होता.

मी ओरडलो, "ब्रेक सोड, आधी सोड!" त्याने सोडला, जीप थोडी सरळ झाली, मग त्याने ती डावीकडे मातीत घातली आणि बाभळीच्या झुडपांत जाऊन आम्ही थांबलो. बोट बांधलेला पट्टा तुटला होता. बोट पुढे सरकली होती आणि तिच्या टोकाने जीपची मागची काच फोडली होती. पोरगं आडवं झोपलं होतं म्हणून वाचलं. बसलेलं असतं तर ते टोक त्याच्या डोक्याला लागलं असतं. त्याच्या केसांत काचेचा चुरा होता. घरी आल्यावर त्याच्या आईने कंदिलाच्या काचेसारखं जपत त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकेक कण वेचून काढला. कुणी कुणाशी बोललं नाही.

नंतर आम्ही ट्रेलर वजनकाट्यावर नेला. बोट, इंजिन, पेट्रोलची टाकी, नांगर, दोर, जॅकेटं आणि लोखंडी ट्रेलर मिळून ९६० किलो भरले. युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक असावेच लागतात. इंग्लंडमध्ये तर ७५० च्या आतला ट्रेलरही ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनापेक्षा जड असेल तर ब्रेकशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. तिकडचे लोक हौशी नाहीत काय? तेही सुट्टीच्या दिवशी बोटी घेऊन निघतात, पण आधी वजन करतात. तुमच्या चौकटीत वजनाचा साधा उल्लेखही नाही.

आता विजेच्या ब्रेकविषयी. हे ब्रेक वाईट नसतात. कोरड्या रस्त्यावरच्या ट्रेलरला ते उत्तम. ड्रमच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या, आत विद्युतचुंबक असतो, जीपमधून करंट गेला की तो ड्रमला चिकटतो आणि शू, म्हणजे ब्रेकचे पट्टे, ड्रमवर आतून दाबले जातात. पण बोटीचा ट्रेलर पाण्यात जातो. बोट उतरवताना चाकं हबपर्यंत, म्हणजे मधल्या बेअरिंगच्या भागापर्यंत, बुडतात, म्हणजे चुंबक, वायरी आणि जोड सगळेच बुडतात. असं चार-सहा महिने केलं की गंज चढणार आणि नेमका गरजेच्या वेळी एका चाकाला ब्रेक लागणार, दुसऱ्याला लागणार नाही. 'बसवायला सोपे' एवढ्यावर शिफारस कशी करता?

बोटीसाठी बहुतेक ठिकाणी वापरतात तो धक्क्यावर चालणारा ब्रेक. त्याला सर्ज किंवा ओव्हररन ब्रेक म्हणतात. हिचच्या मागे एक सरकती दांडी असते आणि तिच्या मागे मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइल रेटणारा पंप. जीपने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे रेटतो, दांडी आत सरकते, सिलिंडर दाबला जातो आणि ब्रेक ऑइलचं प्रेशर चाकांपर्यंत जातं. जो धक्का आम्हाला त्या पहाटे आडवा करत होता, तोच धक्का इथे ट्रेलरला थांबवतो. जीपमध्ये काही बसवावं लागत नाही. जीप जितक्या जोरात थांबेल तितक्या जोरात ट्रेलरही थांबतो.

आम्ही तेच बसवलं, पण एका झटक्यात जमलं नाही. ट्रेलरच्या ॲक्सलला ब्रेकची प्लेट बसवायला फ्लँज, म्हणजे बोल्ट मारायची लोखंडी चकती, नव्हतीच. लेथवर दोन फ्लँज करून घेतले आणि अगदी काटकोनात वेल्ड केले, कारण ते जरा तिरके बसले तर शू एकाच कडेला घासतात. बेअरिंगच्या मापाचे आणि चाकाच्या बोल्टला जुळणारे हब शोधण्यात पंधरा दिवस गेले. ज्यांना ब्रेक बसवायचे असतील त्यांनी आधी ॲक्सल आणि हब मोजावेत, मगच सामान घ्यावं. आम्ही आधी ड्रम घेऊन बसलो आणि त्यातला एक जोड परत करावा लागला.

पहिल्यांदा ड्रम ब्रेक लावले, स्वस्त पडतात म्हणून. पण उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे धरणातला वापरायचा साठा संपला, की पाणी काठापासून लांब जातं आणि बोट गाळातून उतरवावी लागते. पावसाळ्यानंतर एक चाक फिरेना. ड्रम हातोडीने ठोकून काढला तर आत दळलेल्या पिठासारखा गाळ बसलेला आणि शू गंजून ड्रमला चिकटलेला. गोड्या पाण्यात ही अवस्था, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात काय होत असेल! मग डिस्क लावल्या. डिस्क उघडी असते, पाणी निथळतं, बादलीभर स्वच्छ पाण्याने धुता येते, आणि पॅड किती झिजलं ते चाक न काढता बऱ्याचदा दिसतं.

डिस्कला एक अडचण आहे. ट्रेलर मागे ढकलताना हिचची दांडी दाबली जाते आणि ब्रेक लागतो. काठावर चढणीला मागे घेताना ट्रेलर जागचा हलत नाही. त्यासाठी ट्रेलरवर जीपच्या रिव्हर्स लाइटच्या वायरीवर चालणारा व्हॉल्व्ह बसवावा, तो मागे घेताना ऑइलचं प्रेशर चाकांपर्यंत जाऊ देत नाही. काही जण हिचमध्ये पिन घालून दांडी अडवून ठेवतात. ती पिन काढायला विसरलात तर परतीच्या वाटेवर ब्रेक नाहीत, म्हणून पिनेच्या भानगडीत पडू नये.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. सोलापुरातून ऐंशी-नव्वद किलोमीटर आल्यावर हब तापलेले असतात. तसेच पाण्यात घातले की आतली हवा एकदम आकसते आणि सील जरा जुना असेल तर पाणी बेअरिंगमध्ये खेचलं जातं. चहा घ्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा, हबला हात लावून बघा, मग उतरवा. ग्रीसचा रंग दुधासारखा पांढरट दिसला तर पाणी शिरलंय असं समजून बेअरिंग लगेच उघडावं. ब्रेक ऑइलही पाणी शोषतं, ते वर्षा-दोन वर्षांनी बदलावं.

लेखासोबतच्या छायाचित्राबद्दलही बोललं पाहिजे. त्यात ट्रेलरला साखळ्यांच्या जागी नायलॉनची दोरी बांधलेली स्पष्ट दिसते. हिच निसटला तर ट्रेलरचा पुढचा दांडा रस्त्यात घुसू नये म्हणून खालून दोन साखळ्या एकमेकींवरून तिरक्या घालतात, आणि ट्रेलर पूर्ण सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून एक वेगळी केबल जीपला अडकवतात. दोरी हे काम करू शकत नाही. तो फोटो पाहून दहा जण दोरी बांधतील, हे छापताना लक्षात यायला हवं होतं.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत दुरुस्ती छापावी. कोपऱ्यात चार ओळींत नको. मूळ चौकट ज्यांनी कापून ठेवली असेल त्यांना ती दिसली पाहिजे.

आणि जाता जाता, तुमच्या वार्ताहरांनी एकदा रात्री मोहोळ ते टेंभुर्णी या रस्त्यावर जाऊन उसाच्या ट्रॉल्यांचा मागचा भाग बघावा. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वरून दोन्ही बाजूंनी लोंबणारा ऊस, आणि ब्रेक? मी स्वतः वाकून पाहिलंय, कित्येकांचे ब्रेकचे पाइप सोडून वर बांधून ठेवलेले असतात. दर हंगामात अपघाताची बातमी येते, चालकावर गुन्हा दाखल होतो, आणि ट्रॉली ज्या अवस्थेत होती त्याच अवस्थेत पुन्हा रस्त्यावर येते. त्या पहाटे आमच्या पुढे होती तिला मागे दिवा सोडा, रिफ्लेक्टरची पट्टीसुद्धा नव्हती. ट्रॅक्टरवर टेप इतक्या मोठ्याने लावला होता की आमचा हॉर्न त्याला ऐकूच गेला नसणार. आम्ही बाभळीत होतो, पोरगं रडत होतं, आणि तो गाण्याच्या आवाजासकट टेंभुर्णीकडे निघून गेला.

आपला नियमित वाचक,
होटगी रोड, सोलापूर