ऑटोफोकसला दोष देण्याआधी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

निकॉन एफएम२सारख्या फिल्मच्या मॅन्युअल कॅमेऱ्यावर हात बसलेले खेड्यापाड्यांतले ज्येष्ठ छायाचित्रकार डिजिटलकडे वळले, की पहिली तक्रार ठरलेली: ऑटोफोकस चुकतो. बहुतेकदा तो चुकत नाही. निवड त्याच्यावर सोडलेली असते. फोकसचे सगळे बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा बहुधा जवळची वस्तू पकडतो, आणि वऱ्हाडातल्या लग्नात ती असते अंतरपाट नाहीतर हार. एकच बिंदू निवडून तो नवरीच्या जवळच्या डोळ्यावर ठेवावा. कोऱ्या भिंतीवर लेन्स नुसती पुढेमागे फिरते; तिथे शालूचा काठ किंवा फेट्याची कड धरावी.

त्याआधी व्ह्यूफाइंडरशेजारचे डायॉप्टरचे (नजरेच्या नंबराशी जुळवून घेण्याचे) चाक फिरवून आतले आकडे स्पष्ट करून घ्यावेत. साठीनंतर हे पहिले काम, पण दुकानदार सहसा सांगत नाहीत.

जुन्या लेन्स विकायची घाई नको. मात्र निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांत बॉडीमध्ये फोकस मोटर नाही. एएफ-डी लेन्स (स्वतःची मोटर नसलेली जुनी ऑटोफोकस लेन्स) बसते, फोकस हातानेच करावा लागतो.

फिल्मची सवय खरी महागात पडते ती मे महिन्याच्या उन्हात. रंगीत निगेटिव्ह जास्तीचा प्रकाश सोसत असे. डिजिटलमध्ये पांढरे धोतर एकदा फटफटीत झाले, की त्याची वीण परत येत नाही. एक्सपोजरची भरपाई उणे ०.७ वर ठेवून हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) पाहावा.

जिनिंग कारखान्याजवळ कापसाचा तूस उडतो. लेन्स बदलताना कॅमेरा बंद करून तोंड खाली धरावे. धूळ गेलीच तर रबरी ब्लोअर वापरावा; तोंडाने फुंकर मारल्यास सेन्सरवर थुंकीचे डाग बसतात.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)