चौकट भिंतीत आहे का नुसती भिंतीला टेकवलीय?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या घराच्या पुरवणीत दरवाजांवर अख्खं पान आलं होतं. लॅमिनेट कुठलं घ्यावं, हँडल कुठलं, डिजिटल लॉक कुठलं, सगळं वाचलं, सूनबाईने तर कापून ठेवलंय. पण त्या पानभर मजकुरात एक ओळ सुद्धा नव्हती की हे दार ज्या चौकटीवर लटकणार ती चौकट भिंतीत कशी धरलीय. म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे, कापायचं असेल तर सुरुवात कापा, मधलं राहू द्या.

मी ३१ वर्षं साइटवर काढली. आधी सरकारी बिल्डिंगा, क्वार्टर, शाळा, आणि नंतर प्रायव्हेट, सुपरवायझर म्हणून. आता मुलाकडे चिंचवडला असतो, सहाव्या मजल्यावर, ताबा मिळून ४ वर्षं झाली. तर झालं असं की दिवाळीच्या आधी समोरच्या वहिनींनी बेल वाजवली, काका जरा बघता का, दार आपटलं की भिंतीतून माती पडते. मी म्हटलं प्लास्टर सुटलं असेल. जाऊन बघतो तर मेन डोअरच्या लोखंडी चौकटीच्या कडेने वरपासून खालपर्यंत चीर, बिजागरीच्या बाजूला जास्त, आणि वरच्या कोपऱ्यात हात ठेवून त्यांच्या मुलाला म्हटलं हळूच दार लाव तर चौकट हाताखाली हलली. हलली म्हणजे अगदी दातासारखी हलली. लॅच पण महिनाभर नीट लागत नव्हतं, त्यावर त्यांनी कुलूपवाल्याला दोनदा बोलावून पैसे घातले होते, तो येऊन पट्टी घासून जायचा.

कुलूप ११ हजाराचं, बरं का. चौकट मात्र कशावर उभी होती ते पुढे सांगतो.

प्लास्टर हातोडी-छिन्नीने फोडलं. लोखंडी चौकट पत्र्याची असते, पत्रा वाकवून केलेली, म्हणजे भिंतीकडून ती पन्हळीसारखी उघडी असते. ही पोकळी सिमेंट-वाळूच्या मालाने गच्च भरायची असते. इथे आत काय निघालं, विटांचे तुकडे, सिमेंटच्या पिशवीचा बोळा केलेला कागद, आणि एक गुटख्याची पुडी. चौकटीला मागे ज्या पट्ट्या असतात, ज्या भिंतीत जायला पाहिजेत (त्यांनाच होल्डफास्ट म्हणतात), त्या तीनपैकी दोन हातोडीने ठोकून चौकटीलाच चिकटवून टाकलेल्या, कारण भिंत आधीच बांधून झाली होती आणि पट्टी आत घुसवायला खाच कोण पाडणार. तिसरी पट्टी खाचेत होती पण खाच पिवळ्या फोमने भरलेली. फोम म्हणजे तो गनने मारतात तो. फोम फट बुजवायला ठीक आहे, आवाज आणि हवा अडवायला ठीक आहे, पण एकट्या फोमच्या भरवशावर भारी दाराची चौकट लटकवायची नसते हो.

आता कोणी म्हणेल एवढं काय त्यात, दार ते दार. जरा हिशोब करा. मीटरभर रुंद, सात फूट उंच सॉलिड फ्लश डोअर म्हणजे आतून भरीव सपाट दार धरलं तर वजन ४० किलोच्या आसपास जातं. हे वजन मध्यावर म्हणजे बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर धरा, आणि वरची व खालची बिजागरी यात अंतर साधारण १.६ मीटर, म्हणजे ४० गुणिले अर्धा भागिले १.६, वरच्या बिजागरीवर साडेबारा किलोचा ओढा, चौकटीला भिंतीतून बाहेर खेचणारा, दिवसरात्र, दार नुसतं उभं असताना. खालची बिजागरी उलट भिंतीकडे दाबते म्हणून खाली कधी बोंब होत नाही, बोंब नेहमी वरून सुरू होते. आणि सहाव्या मजल्यावर बाल्कनी उघडी असली की वाऱ्याने दार धाडकन आपटतं तेव्हा तो झटका वेगळाच. त्यामुळे बिजागरीच्या बाजूचा सगळ्यात वरचा होल्डफास्ट हा सगळ्यात महत्वाचा, आणि तोच सगळ्यात जास्त खाल्ला जातो कारण तिथे शिडी लावून काम करावं लागतं.

आमच्या वेळी (नातू म्हणतो आजोबा आमच्या वेळी सुरू झालं की गप्प बसायचं, पण आता बसलोच आहे तर) चौकट आधी उभी राहायची आणि भिंत मागून यायची. ओळंबा लावायचा, गुण्या लावायचा, कर्ण मोजायचे, दोन्ही बाजूंनी बल्ल्यांचे टेकू, आणि मग गवंडी वीटकाम चढवत होल्डफास्टपाशी आला की तिथे तेवढी जागा सोडून काँक्रीटचा ठोकळा भरायचा. लाकडी चौकटीला ४० बाय ५ मिमीची पट्टी, ४० सेंमी लांब, आणि ती ३० बाय १० बाय १५ सेंमीच्या एकास तीन सहा (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटमध्ये. हे पाठ आहे कारण होल्डफास्ट नगावर मोजून एमबीत म्हणजे मोजमाप वहीत लिहावे लागायचे, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला प्रत्येक नग दाखवल्याशिवाय पैसे नाहीत. तोच म्हणायचा साहेब या, झाकायच्या आधी मोजून घ्या. टी आयर्नच्या म्हणजे टी आकाराच्या लोखंडी चौकटीला लहान पट्टी, १५ बाय ३ मिमी, १० सेंमी लांब, ती १५ बाय १० बाय १० च्या ठोकळ्यात. पत्र्याच्या चौकटीला वेगळं आयएस म्हणजे भारतीय मानक आहे, ४३५१ नंबरचं, आणि केंद्राच्या बांधकाम खात्याच्या दरसूचीत १.६० मिमी जाडीचा पत्रा आणि मागची पट्टी शेपूट फाटलेली, माशाच्या शेपटीसारखी, सांगितलीय. शेपूट फाटलेली का, तर काँक्रीटमध्ये गेली की ओढून निघत नाही. सरळ पट्टी निघते. एवढी साधी गोष्ट.

आता उलटं झालंय. भिंत आधी, चौकट नंतर. आणि मी त्याला सरसकट वाईट म्हणत नाही, नंतर बसवली की चौकटीला घमेली आपटत नाहीत, रंग टिकतो, काम पटापट होतं, आणि त्याच दरसूचीत पट्टीच्या ऐवजी डॅश फास्टनर म्हणजे मोठ्या बोल्टने बसवायची सोय पण दिलेलीच आहे. अडचण कुठे येते तर भिंत बदलली तिथे. पूर्वी ९ इंची वीट होती, आता सगळीकडे ते पांढरे एएसी ब्लॉक. हलके, छान, घर थंड राहतं, पण आतून पावासारखे जाळीदार. विटेत किंवा काँक्रीटमध्ये जो बोल्ट फुगून घट्ट बसतो तोच एएसीत फुगला की आजूबाजूचा ब्लॉक चुरडतो आणि भोक मोठं होतं, आज घट्ट वाटतं आणि वर्षभरात खुळखुळा. वर आणि आमचे पोरं हॅमर मोडवर ड्रिल मारतात धडाधड, एएसीत हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवायचं असतं, हॅमर लावला की भोक वाकडंतिकडं आणि मोठं. आणि कडेला मारलं तर कोपराच तुटून हातात.

मग करायचं काय? सगळ्यात सोपं म्हणजे भिंत बांधतानाच दाराच्या दोन्ही बाजूंना जिथे होल्डफास्ट येणार तिथे एएसीच्या जागी काँक्रीटचे ठोकळे घालायचे, एका बाजूला ३ म्हणजे दाराला ६, खर्च म्हणाल तर त्या डिजिटल लॉकच्या बॅटरीच्या सेलपेक्षा थोडा जास्त असेल. नाहीतर दाराच्या बाजूने काँक्रीटची बारीक उभी पट्टीच ओतून घ्यायची, वर लिंटेलला म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईला जोडायची, मेन डोअरला मी तरी हेच करीन. ते राहून गेलं असेल तर एएसीसाठीच बनवलेले लांब नायलॉनचे फ्रेम प्लग मिळतात ते वापरा, किंवा केमिकल अँकर, म्हणजे भोकात केमिकल भरून चिकटवलेला बोल्ट. केमिकलमध्ये पण एक मेख आहे, भोक पाडल्यावर आतली धूळ पंपाने आणि ब्रशने काढायची असते, नाही काढली तर केमिकल धुळीला चिकटतं, भिंतीला नाही. मी विचारलं की कारागीर म्हणतो फुंकर मारली ना काका. फुंकरीने काय होतंय.

आणखी एक. चौकट आणि भिंत यात दोन्ही बाजूंना बोटभर फट राहते. स्क्रू जिथे येतो तिथे त्या फटीत घट्ट पॅकिंग पाहिजे, ते न घालता स्क्रू आवळला की पत्रा भिंतीकडे ओढला जातो, चौकट मधोमध पोट काढते आणि दार घासायला लागतं. मग सुतार दार रंधतो. दार रंधलं की पावसाळ्यानंतर फट पडते. हे असं एकातून एक. उलट पोकळीत माल भरताना आतून आडवे ठोकळे लावले नाहीत तर मालाच्या दाबाने चौकट आतल्या बाजूला फुगते, म्हणून तीन ठिकाणी आडवे टेकू देऊन माल थोडा थोडा भरायचा आणि मग किमान आठवडाभर पाणी मारायचं, दार लटकवायचं नाही, चौकटीला शिडी टेकवायची नाही. आठवडाभर थांबतंय कोण, दार लावणाऱ्याला नगावर पैसे असतात, तो दुसऱ्या दिवशी दार लावून मोकळा.

गंजाचं थोडक्यात सांगतो. चौकटीची आतली बाजू, जी भिंतीत जाणार, तिला रंगवायचं कोणाच्या डोक्यात येत नाही कारण दिसत नाही. लोखंड गंजलं की फुगतं, त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं आणि प्लास्टर आतून फोडतं. बाथरूमच्या चौकटीचे पाय तर लादीखाली कायम ओले, म्हणून तर आपल्याकडे बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट आली, आणि ती बरोबरच आली. कोकणात माझे साडू आहेत, त्यांच्या चिऱ्याच्या घराला लोखंडी चौकट लावताना वाळू खाडीची आणली होती कोणीतरी, खारी. चौथ्या वर्षी पट्ट्या हाताने मोडत होत्या. चिऱ्यात खाच कोरायला सोपी म्हणून गवंडी खूष असतो पण आत गोड्या वाळूचं काँक्रीटच भरायला लावा, नुसता चिऱ्याचा भुगा आणि सिमेंट नको.

आता आमच्या बिल्डिंगचं. वहिनींचं बघून मी फावल्या वेळात शेजारची दारं वाजवत सुटलो, शब्दशः, बोटाच्या पेराने चौकट वाजवायची, भरलेली असेल तर बद्द आवाज येतो, पोकळ असेल तर डब्यासारखा. आमची स्वतःची पण डबाच निघाली, आणि मी ४ वर्षं तिथून रोज जातोय, ३१ वर्षांचा अनुभव घेऊन. सोसायटीने बिल्डरला पत्र दिलं, त्याच्या माणसाने उत्तर दिलं की हा मेंटेनन्सचा विषय आहे, दार आपटल्यामुळे झालंय. दार आपटणारच, ते दार आहे. मग मुलाने रेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा, कायदा काढला, २०१६ चा, त्यातलं कलम १४ चं पोटकलम ३, ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर ३० दिवसांत बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. त्यात नुसतं स्लॅब-कॉलम नाहीये, वर्कमनशिप शब्द आहे. भिंतीत न गेलेली पट्टी ही वर्कमनशिप नाहीतर काय. हे कलम लिहून फोटो जोडून दुसरं पत्र गेलं, गुटख्याच्या पुडीचा फोटो पण होता, आणि मग सूर बदलला. पहिल्या पाच मजल्यांच्या मेन डोअरचं काम झालंय, मी खुर्ची टाकून बसलो होतो, सगळ्यांना कंटाळा आला माझा.

पण सगळ्यांच्या मजल्यावर रिकामा म्हातारा नसतो ना. फ्लॅट घेताना लोक सॅम्पल फ्लॅट बघतात, तिथे सगळं झाकलेलं आणि चकाचक. माझं म्हणणं एवढंच आहे की साइट व्हिजिटला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅट सोडा, ज्या मजल्यावर प्लास्टर व्हायचंय त्या मजल्यावर न्या म्हणा आणि दाराच्या चौकटीमागे टॉर्च मारून बघा, पट्ट्या किती, कशात गेल्यात, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सेल्सवाली मुलं तोंड वाकडं करतील, करू द्या. आणि तुम्ही पुढच्या वेळी दारांवर पान काढाल तेव्हा हँडलच्या फोटोशेजारी एक फोटो न झाकलेल्या चौकटीचा टाका.

फोटो हवा असेल तर सोय आहे. आमच्या सहाव्या मजल्याचं काम येत्या मंगळवारी-बुधवारी आहे. तुमचा कोणी वार्ताहर किंवा फोटोग्राफर पाठवायचा असेल तर मंगळवारी दुपारच्या आत पाठवा, बुधवारी संध्याकाळी प्लास्टर होऊन जाईल.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर, चिंचवड