मिस्त्रीकाका, त्या वातीबद्दल

सप्रेम नमस्कार, मिस्त्रीकाका.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, आणि पसरणी घाट चढायला येणारे सायकलवाले तुम्हाला नावानं ओळखतही नाहीत. ‘वाईतले पंक्चरवाले काका’ एवढ्यावरच काम भागतं. पत्र मात्र सगळ्यांना दिसेल असं लिहितोय. त्या रविवारी तुम्ही जे केलंत ते चार सायकलवाल्यांनी वाचावं, आणि शहरात एसीच्या गारव्यात, काळे हातमोजे घालून काम करणाऱ्यांनी तर दोनदा वाचावं.

हकिकत छोटीच आहे. मागचं चाक महिन्याभरात तीनदा बसलं. तीनही वेळा एका मोठ्या दुकानात नवी ट्यूब पडली, नवं बिल फाटलं. पहिल्यांदा ‘ट्यूबचा लॉटच खराब आलाय’, दुसऱ्यांदा ‘आपले रस्ते असे, काय करणार सर’, तिसऱ्यांदा ‘टायरच बदलून टाका, आणि चेन-कॅसेटही संपत आलीय’ (कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चक्रं). चौथ्यांदा ते चाक तुमच्या पत्र्याच्या शेडपुढे येऊन बसलं.

तुम्ही चाक खोलण्याआधी खडू शोधलात. वॉल्वसमोर टायरवर एक रेघ मारलीत, मग टायर एकाच बाजूनं उचकटून ट्यूब बाहेर काढलीत. हवा भरून टबात फिरवलीत. बुडबुडे आले तिथपर्यंतचं अंतर वॉल्वपासून वितीनं मोजलंत: दोन वीत, चार बोटं. टायरवर खडूच्या रेघेपासून तेवढंच अंतर दोन्ही बाजूंना मोजून दोन फुल्या मारल्यात. दोन का, तर ओढून काढताना ट्यूब उलटी धरली गेली असेल तर भोक भलत्या बाजूला दिसतं.

ज्यांना हा खडूचा खटाटोप वाटेल त्यांच्यासाठी सांगतो, निम्मा निकाल इथेच लागतो. भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला असेल तर दोष टायरमध्ये. आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर रिमची पट्टी सरकलीय आणि आऱ्याचं भोक उघडं पडलंय, नाहीतर एखादा आरा वर आलाय. शेजारीशेजारी दोन फटी, सापानं डसल्यासारख्या, म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली गेली. वॉल्वच्या मुळाशी फाटली असेल तर बहुतेक वेळा पंप वेडावाकडा ओढलेला असतो. यातल्या एकाही दुखण्याचं मूळ नव्या ट्यूबच्या औषधानं जात नाही, आणि तीन वेळा तेच औषध देऊन तीन वेळा पैसे घेतले गेले. असो.

तुम्ही टायरच्या पोटातून अंगठा फिरवलात. काही लागलं नाही. इथपर्यंत दुकानवालेही पोचले असतील असं उदार मनानं समजू. मग तुम्ही उठलात, गणपतीच्या तसबिरीखालच्या पुड्यातून एक वात घेतलीत, बोटांनी जरा पिंजून सैल केलीत आणि टायरच्या आतून फिरवलीत. एक फेरी सुलट, एक उलट. उलट्या फेरीत दुसऱ्या फुलीपाशी कापसाचा एक तंतू मागे राहिला. पांढरा, काळ्या रबरावर, वाऱ्यानं हलणारा.

तार होती. हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरच्या चिंध्या पडलेल्या असतात. रेडियल टायरच्या पोटात पोलादी तारांचं जाळं असतं. रबर तुकडे होऊन गेलं की त्या तारा सुट्या होतात आणि कडेच्या धुळीत मिसळतात. सायकल जाते कडेनंच. कात्रजपासून खंबाटकी चढून सुरूर फाट्यापर्यंत जो येतो तो ही तार कधी ना कधी घेऊन येतोच. काटा निदान जाड असतो, शोधला की हाताला लागतो. ही केसाहून जराशी जाड, आणि तिरकी घुसलेली. हवा काढली की रबर तिच्या टोकावर मिटतं. स्वाराचा भार आला, टायर दबला, की टोक जेमतेम अर्धा मिलिमीटर आत डोकावतं आणि ट्यूबला टोचत राहतं. म्हणून घरात उभं चाक दोन दिवस टणक राहतं आणि रस्त्यावर चार-पाच किलोमीटरला बसतं. अंगठा तारेच्या कलानं फिरवला तर तो तिच्यावरून घसरून जातो. कापूस घसरत नाही, अडकतो. शिवाय बोट कापत नाही ते वेगळंच.

आता ज्याच्यासाठी हे पत्र, ते. तार सापडल्यावर तुम्ही ती उपटली नाहीत. बारकी पकड हातात होती, ती खाली ठेवलीत. टायर आतून बाहेर उलटवून पुढे केलात आणि म्हणालात, ‘आधी तुम्ही बोट लावा. हळू.’ एका बाजूनं बोट फिरवलं तर नुसतं रबर. दुसऱ्या बाजूनं फिरवलं तर माशाचा बारीक काटा लागावा तसं. तुम्ही चेहऱ्याकडे बघत होतात. ‘लागलं?’ लागलं म्हटल्यावरच पकड उचललीत, तार काढलीत, तळहातावर ठेवलीत. ‘पुढच्या वेळी घरीच काढाल.’

काका, बाहेर दोन मोटारसायकली आणि एक दुधाचा टेम्पो थांबला होता. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्या घाईतला अर्धा मिनिट तुम्ही गिऱ्हाइकाचं बोट योग्य जागी पोचावं म्हणून घालवलात, आणि तेही अशा गोष्टीसाठी, जी शिकल्यावर ते गिऱ्हाईक तुमच्याकडे पुन्हा येणार नाही. मोठ्या दुकानात काचेच्या पलीकडे बसवतात, कॉफी विचारतात आणि सायकल पडद्यामागे नेतात. तुम्ही बोट धरून दाखवलंत.

बाकीचं काम पटकन सांगतो, पण सोल्यूशनबद्दल थोडं थांबतो. ठिगळ सुटतं ते बहुतेक घाईनं. भोकाभोवती पॉलिश पेपर मारून रबराची चकाकी पूर्ण घालवायची, सोल्यूशन ठिगळापेक्षा बोटभर मोठ्या जागेत पातळ पसरायचं, आणि मग थांबायचं. चार-पाच मिनिटं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत. ओल्या सोल्यूशनवर ठिगळ चिकटवलं की ते वर नुसतं तरंगतं आणि घाट उतरताना रिम तापली की कडेनं उचलतं. तुम्ही सोल्यूशन लावून टेम्पोवाल्याची हवा बघायला गेलात, ती मिनिटं त्याला दिलीत. म्हणजे टेम्पोवाल्याचंही झालं आणि ठिगळाचंही. मग अंगठ्यानं मधून कडेकडे दाबून, वर जरा टाल्कम पावडर, ट्यूब टायरला चिकटू नये म्हणून.

हवा भरताना आणखी एक गंमत. सायकलचा वॉल्व प्रेस्टा, बारीक, डोक्यावर इवलीशी चक्री असलेला. तुमच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटारीचं. तुम्ही डब्यातून पितळी अडॅप्टर काढलात, चक्री सैल केलीत, अडॅप्टर बसवलात. ‘किती?’ म्हणून विचारलंत! आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या दुकानातून दोन्ही चाकं 110 पीएसआय दाबाला भरून यायची, दगडासारखी. 28 मिलिमीटरचा टायर, स्वार सत्तरेक किलोचा, तर पुढे 70 आणि मागे 75 पीएसआय पुष्कळ झाले. त्याहून टणक टायर खडबडीत डांबरावर उड्या मारतो, वळणात जमीन सोडतो. फार कमी केलं तर पुन्हा ती सापाच्या दातांची जोडी. कॉम्प्रेसरचा काटा कसा चुकतो हेही तुम्हीच सांगितलंत आणि शेवटचा अंदाज अंगठ्यानं टायरच्या कुशीत दाबून घेतलात.

ब्रेकला हात लावायला कुणी सांगितलं नव्हतं. ‘वर जाऊन परत इकडूनच उतरणार ना?’ एवढं विचारून तुम्ही चारही रबरं काढलीत आणि सेफ्टी पिननं त्यांत रुतलेले चकचकीत कण टोचून काढायला लागलात. ते कण रिमच्याच ॲल्युमिनियमचे. पावसाच्या चिखलातली वाळू रबरात अडकते, ती रिम खरवडते, खरवडलेला धातू रबरात रुततो, आणि मग ब्रेक दाबला की रबराऐवजी कानस घासते. वाईपासून पाचगणीपर्यंत साधारण 12 किलोमीटर, चढ साडेपाचशे मीटरच्या वर. सायकल आणि स्वार मिळून 85 किलो धरले तर खाली येईस्तोवर साडेचार लाख ज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात. सगळे ब्रेकनं जिरवले तर त्या उष्णतेवर सव्वा लिटर पाण्याला उकळी फुटेल. वारा बरंचसं काम करतो, पण जो भित्रा स्वार ब्रेक धरूनच उतरतो त्याचं रबर आणि रिम दोन्ही जळतात. तुमचा सल्ला चार शब्दांचा होता: ‘वळणाआधी दाबा, वळणात सोडा.’ ब्रेकवर याहून नेमकं कुणी बोललेलं ऐकलं नाही.

आणि चेन. ‘संपत आलीय’ असं निदान झालेली ती चेन तुम्ही गंज चढलेल्या पोलादी फूटपट्टीनं मोजलीत. पट्टीचं टोक एका पिनच्या मधोमध, तिथून चोवीस पिना मोजल्या की बरोबर 12 इंच यायला हवेत. एक-सोळांश इंच जास्त आलं तर अर्धा टक्का झीज, तेव्हा बदला. एक-अष्टमांश झालं तर उशीर झाला, कॅसेटचे दातही गेले. इथे जेमतेम केसभर फरक होता. ‘चालू दे. धुऊन, वाळवून, थेंबथेंब तेल द्या, वरचं पुसून टाका.’ चेन विकायला तुमच्याकडे नव्हती हे खरं. पण असती तरी तुम्ही विकली नसती, एवढं त्या फूटपट्टीकडे बघून कळत होतं.

चाक परत बसवताना क्विक रिलीजची, म्हणजे पान्याशिवाय हातानं चाक आवळायची, दांडीही तुम्ही स्वतः लावली नाहीत. सायकल जमिनीवर उभी ठेवायला लावलीत, म्हणजे एक्सल खाचेत नीट बसतो, आणि दांडी गिऱ्हाइकाच्या हातात दिलीत. एक्सलच्या रेषेत आली की तिथून जोर लागायला हवा, आणि बंद केल्यावर तळहातावर तिचा ठसा उमटायला हवा. पहिल्यांदा ठसा उमटला नाही. तुम्ही हात बघितलात, मान हलवलीत, दुसऱ्या बाजूची चक्री अर्धा आटा आवळून पुन्हा बंद करायला लावलीत.

पैसे फक्त पंक्चरचे घेतलेत. ब्रेक-चेनचं विचारलं तर ‘बघण्याचे कसले पैसे’ म्हणालात आणि टेम्पोखाली शिरलात.

त्या दिवशी पुढे घाटात बऱ्याच गोष्टी दिसल्या, आणि तुमच्यामुळे दिसल्या असं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागून एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही, वळण संपेपर्यंत पहिल्या गिअरमध्ये मागे घरघरत राहिला, सरळ रस्ता आल्यावर हात बाहेर काढून दाखवला आणि दीड हात जागा सोडून पुढे गेला. चढावर पहिल्या गिअरमध्ये भरलेली गाडी रेंगाळवायची म्हणजे काय, हे गाडी चालवणाऱ्याला विचारा. कठड्याशी बसलेल्या कणीसवालीनं पाण्याची कळशी नुसती डोळ्यांनीच दाखवली. बाटली भरून घेतली, कणीस घ्यायचं राहूनच गेलं, तिनं काही म्हटलं नाही. शाहीर साबळ्यांच्या पसरणीचा हा रस्ता. त्याच्यावर माणसं अजून माणसांकडे बघतात. शहरातून येताना हायवेला किती जणांनी काच खाली करून शिवी हासडली होती ते मोजायचं सोडून दिलंय.

टायर अजून तोच आहे. तारेनं पाडलेल्या भोकाच्या आत तुम्ही जुन्या ट्यूबचा छोटा तुकडा चिकटवला होतात, तो जागेवर आहे. तार पंक्चरच्या डबीत, सोल्यूशनच्या ट्यूबशेजारी, कागदात गुंडाळून ठेवलीय. डबीत आता वातींचा पुडाही असतो. आणि परवा एका अनोळखी पोराचं चाक खंबाटकीच्या पायथ्याशी बसलं होतं, तेव्हा त्याचंही बोट धरून आधी दाखवलं, मगच तार काढली.

एक कबुली राहिली. तुमचा तो पितळी अडॅप्टर वॉल्ववरून काढायचा राहिला, प्लॅस्टिकची टोपी समजून तसाच पुण्यापर्यंत आला. घरी हवा बघायला गेलो तेव्हा लक्षात आलं. त्या दिवसापासून प्रेस्टावाले तुमच्या दारातून परत जात असतील तर पाप आमच्या माथी. येत्या रविवारी सकाळी सातच्या आत येतो. अडॅप्टर आणतोय, सोबत आणखी दोन आणतोय, आणि वातींचा एक पुडा, गणपतीपुढचा कमी झालाय म्हणून.

आपला,
मागच्या चाकवाला