सेव्ह मोजण्याआधी सेव्ह म्हणजे काय ते बघा

संपादक महोदय,

रविवारच्या क्रीडा पानावर बेसबॉलमधल्या रिलीफ पिचरवर, म्हणजे सुरुवातीच्या पिचरच्या जागी मागाहून चेंडू टाकायला येणाऱ्यांवर, अर्धं पान लेख आला. आपल्याकडे या खेळाला एवढी जागा मिळाली म्हणून आधी आनंदच झाला. सोबतचा सेव्हचा, म्हणजे संघाची आघाडी शेवटपर्यंत राखल्याच्या नोंदींचा, तक्ता मात्र खटकला. मारियानो रिव्हेरा ६५२ सेव्ह, ट्रेव्हर हॉफमन ६०१, आणि पार खाली रोली फिंगर्स ३४१, गूज गोसेज ३१०. म्हणजे जुने लोक नव्यांच्या निम्मेच, असं कुणालाही वाटेल.

मी शाळेत सॉफ्टबॉल शिकवला आणि जिल्ह्याच्या स्पर्धांत वर्षानुवर्षं स्कोअरिंग केलं. पेन्सिलीने चौकोन भरत बसणाऱ्याला एक खोड जडते. आकडा दिसला की तो कसा भरला, हे आधी बघायचं.

सेव्ह ही कल्पना शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांची. ती अधिकृत झाली १९६९ साली. होइट विल्हेम या जुन्या रिलीफ पिचरची बरीचशी कारकीर्द त्याआधीच होऊन गेली होती. आणि नियम किती उदार आहे पाहा: संघ तीन रन्सनी पुढे असताना शेवटच्या, म्हणजे नवव्या, इनिंगला या, दोन रन्स देऊन बसा, सामना जिंकला की सेव्ह तुमच्या नावावर. आघाडी एका रनची असताना, बेसवर माणसं उभी असताना सातव्या इनिंगला येऊन शेवटपर्यंत टिकलात, तरी सेव्ह एकच. माझ्या शाळेतल्या मुलींना हे सांगितलं की त्या हसायच्या.

गोसेजने १९७८ मध्ये १३४ इनिंग्ज टाकल्या, सेव्ह २७. रिव्हेराने २००४ मध्ये ७८ इनिंग्ज टाकल्या, सेव्ह ५३. माइक मार्शलचं तर विचारूच नका. १९७४ साली तो १०६ सामन्यांत उतरला, २०८ इनिंग्ज टाकल्या, मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवणारा पहिला रिलीफ पिचर ठरला, आणि सेव्ह किती? २१. आपल्या तक्त्यात त्याला जागाच नाही. पुढे ओकलंडचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्स्लीला बहुतेक फक्त नवव्या इनिंगसाठी राखून ठेवायला सुरुवात केली, सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला आणि सेव्हचे आकडे फुगले. तेव्हा तक्त्यात निदान इनिंग्जचा एक रकाना तरी हवा होता.

एवढं वाचून मी गोसेजला रिव्हेराच्या वर बसवते आहे असं समजू नका. गोसेज स्वतः ही तक्रार जाहीरपणे करत आला आहे, आणि ती रास्तही आहे. पण मला विचाराल तर रिव्हेराच थोर. त्याचं कारण ६५२ नाही. मोसम संपल्यानंतरच्या बाद फेऱ्यांत, जिथे समोर निवडक संघ असतात, तिथे त्याने १४१ इनिंग्ज टाकल्या. त्यात त्याच्यावर होम रन लागले फक्त दोन, आणि नऊ इनिंग्जमागे रन्सची सरासरी ०.७०. तीही जवळजवळ एकाच प्रकारच्या चेंडूवर! त्याचा कटर, म्हणजे ऐनवेळी किंचित वळणारा वेगवान चेंडू, डावखुऱ्या बॅटरच्या मुठीकडे अगदी शेवटच्या क्षणी वळायचा आणि बॅट मोडायची. काय येणार हे सगळ्या स्टेडियमला ठाऊक असायचं. २००१ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अंतिम मालिकेची, सातवी लढत तो हरला, हेही लिहायला हवं. हरवणारा लुइस गोन्झालेझचा फटकाही कटरवरच, मोडक्या बॅटने गेलेला.

२६ सप्टेंबर २०१३ ला मी न्यू जर्सीला मुलीकडे होते. तिने रिव्हेराच्या यँकीज संघाच्या यँकी स्टेडियमची तिकिटं काढली होती, वरच्या मजल्यावरची, स्वस्तातली. वही मी नेली होतीच. आठव्या इनिंगला रिव्हेरा आला आणि चार बॅटर आले तसे परत पाठवले. नवव्या इनिंगला दोन आऊट झाल्यावर त्याला माउंडवरून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरून, न्यायला मॅनेजर आले नाहीत, त्याचे जुने सहकारी जेटर आणि पेटिट आले. तो पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला. शेजारचे आजोबा मला म्हणाले, लिहा, लिहा. मी लिहिलं: एक पूर्णांक एक तृतीयांश इनिंग, हिट शून्य. सामना यँकीज ४-० ने हरले, त्यामुळे सेव्हचा चौकोन कोराच राहिला.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, अमरावती