ज्यूलिया हॉफमनचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या पुरवणीत ‘डार्क शॅडोज’वर आलेलं पान काल निवांत वाचलं. 1971 साली बंद पडलेल्या, भुताखेतांच्या एका अमेरिकन मालिकेला मराठी वृत्तपत्रानं अख्खं पान द्यावं, याचं आधी फार कौतुक वाटलं. इथे न्यू जर्सीत आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांना ही मालिका माहीतसुद्धा नाही. पण पान खालपर्यंत वाचून झालं आणि कौतुक कुठल्या कुठे गेलं. एक रात्र मध्ये जाऊ दिली, म्हटलं राग शांत होईल. झाला नाही.

नव्या चित्रपटाची कुणी घोषणा केल्याचं तुमच्या लेखातही नाही. तरी चाहते तर्क लढवतायत, लढवू देत. म्हातारपणी मीही दुसरं काय करते? पण सगळे तर्क एकाच माणसाभोवती, म्हणजे मालिकेतल्या रक्तपिपासू बार्नाबस कॉलिन्सभोवती. बार्नाबस कोण होणार? त्याचा जबडा कसा हवा? उच्चार इंग्लंडचे हवेत की अमेरिकेचे? त्याच्याच घराण्यातला क्वेंटिन पहिल्या चित्रपटात आणायचा की दुसऱ्यासाठी राखून ठेवायचा? कथा साठच्या दशकात ठेवायची की आजच्या काळात? एका महाशयांनी तर शवपेटीचं लाकूड कोणतं असावं इथपर्यंत मजल मारली आहे. आणि या सगळ्या पानात डॉ. ज्यूलिया हॉफमन हे नाव कुठेही नाही. तुमच्या लेखकानंही कुणाला विचारलेलं दिसत नाही, की अहो, ज्यूलियाचं काय?

मी विचारते. कारण पडद्यावर आजवर दोनदा तिचा गळा धरला गेला आहे. 1970 सालचा ‘हाउस ऑफ डार्क शॅडोज’ खुद्द डॅन कर्टिसचा, म्हणजे मालिकेच्या जन्मदात्याचाच. त्यात मत्सरापायी ती बार्नाबसला चुकीचं इंजेक्शन देते आणि तो तिचा गळा दाबतो. मग 2012 मध्ये दिग्दर्शक टिम बर्टन आले. त्यांनी तिला दारूडी केली, स्वतःच्या तारुण्यासाठी बार्नाबसचं रक्त चोरायला लावलं, मग बार्नाबसनं तिचंच रक्त पिऊन तिला समुद्रात फेकून दिलं. दोन चित्रपट, दोन्हींत ती मेली, आणि दोन्ही वेळा त्याच्याच हातून. मालिकेत मात्र बार्नाबस आणि ज्यूलिया कथेतून निघून जातात तेव्हा ती चांगली जिवंत असते. शेवटचे काही आठवडे कथा 1841 सालात, तीही वेगळ्याच पात्रांची. मालिकेत बार्नाबस करणारा जोनाथन फ्रिडसुद्धा त्यात बार्नाबस नव्हता. ज्या बाईला मालिकेनं मारलं नाही, तिला चित्रपटवाले प्रत्येक वेळी का मारतात? हा प्रश्न चर्चेचा नाही म्हणता?

ती कोण होती ते तुमच्या पुरवणीच्या माहितीसाठी थोडक्यात सांगते. विंडक्लिफच्या रुग्णालयातली डॉक्टर. बार्नाबसच्या तावडीतून सुटलेल्या मॅगी इव्हान्सवर उपचार करता करता तिला संशय येतो आणि जुन्या घराण्यांचा इतिहास लिहिणारी बाई म्हणून ती कॉलिनवुडमध्ये, म्हणजे कॉलिन्स घराण्याच्या हवेलीत, राहायला येते. खोटं बोलण्यात अशी तरबेज की ऐकत राहावं. एका रात्री बार्नाबस तिला मारायलाच तिच्या खोलीत शिरतो, तर ही त्याची वाट बघत बसलेली! किंचाळत नाही, पळत नाही. तू काय आहेस ते मला माहीत आहे आणि मी तुला बरं करू शकते, असं त्याला सांगते. एखाद्या रुग्णाला तपासणीची वेळ द्यावी तशा आवाजात. त्या क्षणापासून तो नुसता राक्षस उरत नाही, एका डॉक्टरचा रोगी होतो, आणि पुढे पुढे तिचा एकुलता एक मित्र. ती त्याच्यावर प्रेम करते, त्याचं लक्ष मात्र कायम त्याच्या जुन्या प्रेयसीसारख्या, जोसेटसारख्या, दिसणाऱ्या कुठल्यातरी मुलीकडे. तरीही त्याच्यासाठी ती पोलिसांशी खोटं बोलते, गुन्ह्यात हात घालते आणि भूतकाळातही जाऊन येते. ज्यूलिया करणाऱ्या ग्रेसन हॉलला त्याआधी 1964 च्या एका चित्रपटासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. ती काही हवेलीच्या जिन्यावर उभी करायला आणलेली बाई नव्हती. तिचे पती सॅम हॉल मालिकेच्या लेखकांपैकी होते, म्हणून तिला चांगले प्रसंग मिळाले असं कुणी म्हणेल. म्हणू दे. तिनं ते करून दाखवले.

मी इथे आले 1968 च्या शरदात, लग्न होऊन. हे सकाळी कामावर जायचे ते दिवेलागणीला यायचे. माझं इंग्रजी पुस्तकी. दुकानातली बाई काय बोलते ते तिनं तीनदा सांगितलं तरी कळायचं नाही, आणि तिसऱ्यांदा ती इतक्या जोरात सांगायची की मलाच लाज वाटायची. दुपारी चार वाजता शेजारची शाळकरी मुलं धावत घरी यायची आणि जिन्यातून एकच गलका व्हायचा, तेव्हा ही मालिका मला कळली. मालिका वर्षभरापूर्वीच रंगीत झाली होती, आमचा टीव्ही मात्र काळा-पांढरा. त्या दिवसांत क्वेंटिनचं भूत दोन मुलांना झपाटत होतं आणि बंद खोलीत ग्रामोफोन वाजत होता. पहिले काही दिवस कोण जिवंत आणि कोण मेलेलं एवढंही उमजेना.

मग एक गोष्ट लक्षात आली, जी तुमच्या एकाही चाहत्यानं सांगितलेली नाही. जोनाथन फ्रिड वाक्यं विसरायचा. ही काही माझी टीका नाही, जगजाहीर आहे. रोज अर्ध्या तासाचा भाग, टेप कापून जोडणं महागाचं, त्यामुळे एकदा चित्रण सुरू झालं की जवळजवळ नाटकासारखं शेवटापर्यंत न्यायचं. माइकची सावली भिंतीवर फिरायची, दार लावलं की दगडी भिंत हलायची, एकदा माशी येऊन फ्रिडच्या तोंडावर बसली तीसुद्धा तशीच दाखवली गेली. फ्रिड बोलता बोलता थांबायचा, नजर किंचित बाजूला जायची, तिथे टेलीप्रॉम्प्टर. मग शब्द सापडायचा आणि तो पुढचं वाक्य सावकाश, जपून म्हणायचा. त्या थांबण्यात मला आधीचं वाक्य कळायचं! इतर नट भराभर बोलून मोकळे व्हायचे. बार्नाबस मात्र माझ्यासाठी थांबायचा. इंग्रजीचा पहिला शिक्षक म्हणाल तर तोच, आणि समोर ज्यूलिया. त्याचं वाक्य अडकलं की ती प्रसंग अशी सावरून घ्यायची की चूक झाली हेच कळू नये. डोळे मोठे करायची, खोल श्वास घ्यायची, कपाळाला हात लावायची. लोक तिच्या त्या अभिनयाला हसतात. त्यांनी एकदा शेजारी अडखळणारा नट घेऊन रोज भाग करून दाखवावा.

त्या थांबण्यामुळे बार्नाबस दुःखी वाटायचा, असं माझं ठाम मत आहे. पावणेदोनशे वर्षं शवपेटीत कोंडलेला माणूस बोलताना अडखळणारच. तेव्हा नव्या चित्रपटासाठी नट सुचवायचाच असेल तर माझी सूचना लिहून घ्या: ज्याचं पाठांतर कच्चं आहे असा कुणीतरी घ्या. जबड्याचं नंतर बघू.

2012 चा चित्रपट बघायला आम्ही दोघं पहिल्याच आठवड्यात गेलो होतो. फ्रिड त्याआधी महिन्याभरापूर्वी, एप्रिलमध्ये गेला होता. तो आणि मालिकेतलेच लारा पार्कर, डेव्हिड सेल्बी आणि कॅथरिन ली स्कॉट मेजवानीच्या प्रसंगात पाहुणे म्हणून दिसतात. याला तुमच्या लेखात ‘खास भूमिका’ म्हटलं आहे. अहो, पापणी लवली तर जातात! ज्यांच्या जिवावर ती मालिका चालली त्यांना दारातून आत घेतलं आणि पुढे ढकललं. पुढे ज्यूलियाचा प्रसंग आला. बार्नाबस तिच्या मानेकडे वळला आणि आमच्या मागच्या रांगेत हशा पिकला. त्यांचं काय चुकलं म्हणा, तिला विनोदी पात्रच केलं होतं. मी उठून बाहेर आले. हे शेवटपर्यंत बसले, कारण तिकिटाचे पैसे दिले होते. बाहेर येऊन मला म्हणतात, ‘‘अगं, ती पाण्याखाली शेवटी डोळे उघडते, जिवंत आहे.’’ म्हणजे पुढच्या भागाची सोय! तो पुढचा भाग काही आला नाही, आणि ज्यूलिया अजून तिथेच आहे, पायाला वजन बांधलेली.

आता चुका. ‘1225 भाग गाजवणारा रक्तपिपासू’ असा मथळा दिला आहेत. मालिका सुरू झाली जून 1966 मध्ये आणि बार्नाबस दारात उभा राहिला एप्रिल 1967 मध्ये, 211 व्या भागात. त्याआधीचे दहा महिने त्या घरात भुतं होती, खून होते, एक बाई तर अग्नीतून पुन्हा जन्म घेणारी होती, पण हे साहेब नव्हते. आणि पानावर मोठा फोटो कुणाचा, तर बर्टनच्या चित्रपटातल्या जॉनी डेपचा, खाली नुसतं ‘बार्नाबस कॉलिन्स’. फ्रिडचा टिकलीएवढासुद्धा फोटो नाही. बेन क्रॉस बार्नाबस झाला ती 1991 ची नवी मालिका तर एका ओळीत उरकली आहे. ती आखाती युद्धाच्या बातम्यांच्या काळात आली, वेळा बदलत राहिल्या आणि बारा भागांत आटोपली, हे तरी लिहायचं. शिवाय त्यात बार्बरा स्टीलनं ज्यूलिया केली होती आणि ती मेली नव्हती. मुद्दाम सांगते.

मलाही तर्क लढवता येतो. चित्रपट करायचाच तर बार्नाबसपासून सुरू करू नका. एक मध्यमवयीन डॉक्टर मेन राज्यातल्या एका गावात उतरते, हातात वही, नाव खरं, काम खोटं. घरात जेवणाच्या टेबलावर एक नातेवाईक आहे जो दिवसा कधीच दिसत नाही. सगळ्यांना तो फार सभ्य वाटतो, हिला मात्र पहिल्या भेटीतच कळतं. बास, एवढ्यात दोन तास सहज निघतील. शवपेटी शेवटी दाखवलीत तरी चालेल. पण चाळिशी उलटलेल्या बाईचं नाव जाहिरातीत वर येईल असा चित्रपट कोण काढणार, हे मलाही कळतं.

जाता जाता पत्रांबद्दल. गेल्या वेळी माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद, म्हणजे नेमका मुद्द्याचा, जागेअभावी उडवलात. एमजीएम स्टुडिओनं 1971 मध्ये ‘नाइट ऑफ डार्क शॅडोज’मधून अर्ध्या तासाहून जास्त भाग कापायला डॅन कर्टिसला चोवीस तास तरी दिले होते. मला तर फोनसुद्धा आला नाही. हे पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. कापायचंच असेल तर माझ्या इंग्रजीची हकीकत कापा, ज्यूलियाला हात लावू नका.

आपली,
एक जुनी वाचक, न्यू जर्सी

ता. क. : ई-पेपरवर शब्दकोड्याची सूत्रं इतकी बारीक येतात की मोठी करायला जावं तर पान उडी मारून थेट वधू-वर सूचक जाहिरातींवर जातं. हे मागेही कळवलं होतं. त्या जाहिराती मात्र भिंगाशिवाय वाचता येतात.